पोटातले अकरा फोटो

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा, तळहातावर मावेन एवढा. अंगावरचा रुपेरी रंग कडांना उडालाय, पण लेन्स अजून ठणठणीत आहे. तिचा उपयोग काय, ते मात्र विचारू नका. सध्या मुक्काम बंगळुरातल्या एका भंगाराच्या गोदामात, पोत्यामध्ये. माझ्यासारखे शे-दीडशे जण इथे आहेत. कुणाची कुणाशी ओळख नाही आणि करून घ्यायची हौसही उरलेली नाही.

जन्म दूर कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं बसवनगुडीत, नरसिंगरावांच्या घरी. चार पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं हे मराठी घर. नरसिंगरावांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं, त्यांचा मुलगा गिरीधर मात्र कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. त्याला मुलगी झाली, भव्या. तिच्या बारशासाठी त्यानं मला आणलं. काय तो माझा थाट! पाळण्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त लोक बघत होते. "गिरीनं झकास वस्तू आणली हं," असं जो तो म्हणाला. मीही फुगलो. का फुगू नये?

पुढची सात वर्षं मी त्या घराचा होतो. भव्याचं जावळ, तिचा शाळेतला पहिला दिवस, बनशंकरीच्या देवळातली गर्दी, सगळं मी टिपलं. पण एक गोष्ट मला कधी जमली नाही. घरात आजी होत्या, सुशीलाबाई. त्यांचा एकही फोटो मला धड काढता आला नाही. प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले!

लोक त्यांनाच हसायचे. दोष माझा होता, मित्रांनो. फ्लॅश मारण्याआधी मी एक बारीकशी चमक देतो. ती बघून त्यांच्या पापण्या मिटायच्या, आणि नेमका तेव्हाच मोठा फ्लॅश पडायचा. आजी सदा स्वयंपाकघराच्या अंधारात, त्यामुळे फ्लॅशवाचून गत्यंतर नव्हतं. पुढे घरात कॅमेऱ्याचे फोन आले. फोन समोर धरला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या. "मला मेलीला काय बघायचंय," म्हणायच्या. डोळे उघडे असलेला एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात त्या भूत बघितल्यासारख्या दिसत होत्या.

मग ती खंडेनवमी आली. बंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात. घरातली हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊन पुसून पुजतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. गिरीधरनं सकाळीच माझं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. मला कुंकवाचं बोट लावून बाहेरच्या पायरीवर, पुजलेल्या स्कूटरशेजारी ठेवलं. समोर फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी पडल्या होत्या. आजी पायरीवर उन्हात टेकल्या होत्या. आणि सात वर्षांच्या भव्यानं मला उचललं.

"आजी, फोटो काढू?"

"अगो, आज नको. आज हत्यारं निजलीत."

"एकच."

"तुझा अप्पा ओरडंल."

"तो आत जेवतोय."

आजींनी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "सरी, बरं, काढ. पण स्वल्प लवकर हं."

लख्ख ऊन होतं. फ्लॅशची गरजच नव्हती. त्या चोरीचीच आजींना गंमत वाटत होती. त्या नातीकडे बघून खुदकन हसल्या, मग पदर सारखा केला, मग पुन्हा हसल्या. एकाचे अकरा झाले. बाराव्याला मी जागा संपल्याचं सांगितलं. दोघींनी डोक्याला डोकं लावून माझ्या पडद्यावर सगळे फोटो बघितले. "अगंबाई," आजी म्हणाल्या, "डोळे उघडेत की माझे! बरी दिसते गं मी."

तुम्ही म्हणाल, कार्ड नव्हतं, मग फोटो राहिले कुठे? तेच सांगतो. माझ्याकडे फोटो ठेवायच्या दोन जागा आहेत. एक ते नखाएवढं कार्ड. दुसरी माझी स्वतःची, पोटातली, अगदी लहान. कार्ड आत असेल तर मी फक्त कार्डावरचे फोटो दाखवतो. कार्ड काढलं तरच पोटातले दिसतात. हे माझ्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तक खोक्यातून कधी बाहेरच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरीधरनं कार्ड परत घातलं. भव्या धावत आली, तिनं मला चालू केलं, आणि आजी कुठेच नाहीत.

"अप्पा, आजीचे फोटो काढले होते काल!"

"कार्डच नव्हतं आत, तर फोटो येणार कुठून? आणि काल हात का लावलास? वर खोटं बोलतेस?"

"काढले होते रे," आजी म्हणाल्या. "मी बघितले."

"आई, ते नुसतं पडद्यावर दिसतं. साठत नाही."

कॉम्प्युटरवाला माणूस तो! त्याच्यापुढे कोण बोलणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणखी काय म्हणू?

माघात सुशीलाबाई गेल्या. आदल्या दिवशी चकलीसारखे मुरुक्कू तळत होत्या, दुसऱ्या दिवशी नव्हत्या. मग भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध सुरू झाली. गिरीधरनं सात वर्षांचे फोटो पालथे घातले. लग्नात डोळे मिटलेले, मुंजीत डोळे मिटलेले. मिटल्या डोळ्यांची आई भिंतीवर कशी लावायची? शेवटी गांधी बझारातला एक फोटोवाला म्हणाला, "काळजी नको सार, कॉम्प्युटरवर डोळे उघडून देतो." चार दिवसांनी फ्रेम घरी आली.

नरसिंगराव फ्रेमसमोर उभे राहिले.

"गिरी, ही कोण?"

"आई आहे, अण्णा."

"तोंड तिचं आहे. बघतंय मात्र कोणी दुसरंच."

त्यांनी स्वतःच्या हातानं ती फ्रेम उतरवली आणि कपाटावर पालथी ठेवली. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी टेबलाच्या खणात होतो. आजींचे डोळे माझ्या पोटात होते, त्यांचे स्वतःचे, उघडे, हसरे. आणि मी काही करू शकत नव्हतो.

काही महिन्यांनी गिरीधरनं विषय काढला. नवा कॅमेरा घ्यायचा. त्याची बायको वीणा म्हणाली, "घरात तीन फोन आहेत. कशाला?"

"मागचा फोन पाण्यात पडला तेव्हा दोन वर्षांचे फोटो गेले, विसरलीस? अण्णांची पंचाहत्तरी आलीये. आईचं झालं ते पुन्हा नको." मग मला उचलून तो म्हणाला, "ह्या डबड्यानं आईचा एक फोटो धड काढला नाही. देऊन टाकतो बदल्यात."

मला राग नाही आला. खरंच होतं ते.

"नको देऊ, अप्पा. यात आजी आहे," भव्या म्हणाली.

"पुन्हा तेच! कार्ड मी चारदा बघितलंय."

"कार्डात नाही. कॅमेऱ्यात."

पोरीनं नेमकं सांगितलं हो! नरसिंगरावांनी मान वर केली. "ती म्हणते तर एकदा बघ की, गिरी."

गिरीधरनं बघितलं. अगदी प्रामाणिकपणे, एकेक फोटो मागे सरकवत. पण कार्ड आत ठेवून. "नाहीये, अण्णा," तो म्हणाला. नरसिंगरावांनी मान खाली घातली. माझा निकाल लागला.

शनिवारी मला दुकानात नेलं. बाप आणि लेक दोघं होते. गिरीधरनं माझं कार्ड काढून खिशात टाकलं. मित्रांनो, त्या क्षणी मी तयार होतो. फोटो दाखवायचं माझं ते त्रिकोणाचं बटण कुणी एकदा दाबलं असतं, तर आजी समोर आल्या असत्या. भव्या काउंटरला लटकून म्हणाली, "अप्पा, आता बघ ना!" अप्पा नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यावरचं वाचत होता.

दुकानदारानं मला चालू केलं आणि यात काही आहे का, असं कन्नडमध्ये विचारलं.

"एनिल्ला," गिरीधर वर न बघता म्हणाला. काही नाही.

दुकानदाराची रीत अशी की बदल्यात आलेला कॅमेरा आधी साफ करायचा. त्यानं दोन बटणं दाबली. तेव्हा मी पडद्यावर विचारलं, सर्व फोटो पुसायचे का? मला आयुष्यात बोलता येतं ते एवढंच, मित्रांनो. तेवढं मी विचारलं. खाली लिहिलं, परत मिळणार नाहीत. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यानं 'हो' दाबलं. चार सेकंद लागले.

माणूस वाईट नव्हता. भव्यानं हात पुढे केलेला बघून त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं ते त्रिकोणाचं बटण दाबलं. पडद्यावर मी लिहिलं, एकही फोटो नाही. दुसरं लिहिणार काय?

तिनं पुन्हा एकदा बटण दाबलं. मग मला काउंटरवर ठेवून बापाचा शर्ट ओढत ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, नव्हतेच वाटतं. मी खोटंच बोलले असेन."

"असू दे गं," गिरीधर म्हणाला आणि तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, जुनी वस्तू देऊन टाकायला माझी ना नाही. मी कुठे मोठा लागून गेलोय? पण द्यायच्या आधी ती आतून बाहेरून बघा, तिचं पुस्तक एकदा तरी उघडा. आणि घरातलं लेकरू "आहे" म्हणत असेल, तर "नाही" म्हणायची घाई करू नका. माझ्यासाठी आता कुणी काही करू शकत नाही, आजींसाठीही नाही. भव्या मात्र आहे. मोठी झाली असेल. बसवनगुडीत कुठे भेटली, तर तिला एवढं सांगा की पोरी, तू खरंच बोलत होतीस.