खवट वड्या

पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर बाबारावांनी जवळच्या रुआबांधा वस्तीत दुकान टाकलं आणि मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत परदेशी प्रोटीनच्या वड्या मागवल्या. माल आला तो ऐन मे महिन्यात. पत्र्याच्या छपराखाली आठच दिवसांत वरचं चॉकलेट वितळून कागदाला चिकटलं आणि आतल्या दाण्यांना खवट वास सुटला. बाबारावांनी त्या वड्या फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा घट्ट केल्या आणि विकत राहिले.

एके दुपारी प्लांटमध्ये त्यांच्या हाताखाली काम केलेला शालिकराम आला. त्याची बायको रंभा टीबीनं अंथरुणाला खिळली होती.

"तिले अन्न जाऊन नाही राहिलं, साहेब. यानं ताकद येईन का?"

"येईन ना," म्हणत बाबारावांनी दोन वड्या काढून दिल्या.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. रंभा गेली होती आणि तो तेरवीचं जेवण सांगायला आला होता.

बाबारावांना राहवलं नाही. "शालिकराम, त्या वड्या खराब होत्या. मले माहीत होतं."

"तिलेबी समजलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "वास येते म्हणे. पण मी आणली म्हणून अर्धी खाल्ली. डॉक्टर म्हणे, ती तशीबी वाचणार नव्हती."

उरलेली खोकी बाबारावांनी त्याच दिवशी मागच्या अंगणात पुरली. बायकोनं कारण विचारलं, तर माल खपत नाही एवढंच सांगितलं.

तेरवीला शालिकरामनं त्यांना स्वतः आग्रहानं वाढलं. बाबाराव मान खाली घालून जेवत राहिले.