झाकलेली डबलरोटी

डबलरोटीच्या बुडाला हिरवा ठिपका होता. कोथिंबिरीचं पान चिकटलं असेल, म्हणून प्रेमिलाबाईंनी तो नखाने टोकरला. मऊ लागला. मोतीबिंदूच्या डोळ्यांचा भरवसा नको, म्हणून त्यांनी उरलेली रोटी खिडकीशी नेली. ठिपके चार होते आणि भोवती पांढरी लव.

याच रोटीचे चार काप सकाळी सून प्रीती धंतोलीच्या दवाखान्यात देऊन ऑफिसला गेली होती. नत्थूजींसाठी.

नत्थूजी बाईंचे यजमान. रक्ताच्या कॅन्सरची औषधं चालू होती, अंगातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, साधी बुरशीसुद्धा यांच्या जिवावर बेतू शकते. घरचं द्या, पण ताजं."

आठवडाभर नत्थूजींनी ताटाला हात लावला नव्हता. शनिवारी म्हणाले, "खापरखेड्यात करत होती ना वं, ते डबलरोटी कर." वीज केंद्राच्या क्वार्टरांत पहिला गोल ओव्हन बाईंचाच. भोंगा व्हायचा, पाळी सुटायची आणि अर्धी ओळ वासाने त्यांच्या दाराशी जमायची. रोटी थंड व्हायला उरतच नसे. म्हणून ती ठेवायची कशी, हे बाई कधी शिकल्याच नाहीत.

रविवारी प्रीती म्हणाली होती, "आई, जाळीवरच राहू द्या. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकू नका."

"वाऱ्यानं कडक होते वं. त्यांचं तोंड सोललेलं आहे."

आणि प्रीतीची पाठ वळताच बाईंनी वाफाळती रोटी भाकरीसारखी फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली, झाकण दाबून लावलं. सोमवारी झाकणाला आतून थेंब सुटले होते. पुसले आणि पुन्हा लावलं. भाकर त्याच दिवशी संपते. ही ऑगस्टच्या दमट हवेत तीन दिवस राहिली.

नत्थूजींचा फोन बंद होता. प्रीतीचा वाजून वाजून थांबला. बाई पायांत चप्पल अडकवून खाली उतरल्या.

"धंतोली. लवकर चल गा."

"आजी, बेसा ते धंतोली उडत नेऊ काय? माह्या ऑटोले पंख नाही," ऑटोवाला हसला. आरशात त्यांचा चेहरा दिसला तशी त्याने गाडी पळवली.

खाटेजवळच्या स्टुलावर कापांचा डबा उघडा होता. रिकामा. नत्थूजींचे डोळे मिटलेले. बाई त्यांच्या छातीकडे पाहत उभ्या राहिल्या. पांघरूण हललं.

"अहो."

"आली तू? काहून धापा टाकून राहिली?"

"डबलरोटी खाल्ली?"

"हाव, दोन. आज चव लागली." त्यांनी उशीखालून रुमाल काढला. "दोन तुह्यासाठी ठेवल्या. तुले कडा आवडते ना."

बाईंनी रुमाल खिडकीत नेला. पहिला काप उलटून पाहिला, स्वच्छ. दुसऱ्याच्या कडेला मोहरीएवढं हिरवं.

"पाहून काय राहिली? खा ना."

रुमाल पिशवीत टाकला असता तर कोणालाच कळलं नसतं. ना डॉक्टरांना, ना प्रीतीला. भिंतीला हात लावत बाई नर्सच्या टेबलापर्यंत गेल्या आणि रुमाल उलगडून ठेवला.

"सिस्टर, माह्या हातून चूक झाली."

सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला, मग येऊन थर्मामीटर लावलं. "सध्या ताप नाही. दर चार तासांनी पाहू. थंडी वाजली, खोकला आला तर लगेच हाक मारा. सांगितलं ते बरं केलं, आजी."

"एवढ्यासाठी घाबरली काय?" नत्थूजी म्हणाले. "खापरखेड्यात चिमणीची राख खाऊन जगलो आपण."

बाई हसल्या नाहीत. पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलं.

"उकडते वं."

त्यांनी कपाळावर हात ठेवला. गरम लागलं. हात बदलला, तरी गरमच. कपाळ तापलं आहे की आपलेच हात गार पडलेत, ते त्यांना कळेना. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत होता. पाचला सिस्टर पुन्हा ताप पाहणार होत्या.