हात खाली घालून बस

चिखलाचे पाय घेऊन चार बापे सकाळीच शेजारच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच मी शिलाईचं मशीन थांबवलं. शेजारी भांडण लागलं की माझी टीप सरळ पडत नाही, हे मी लपवत नाही. त्यातून हे भांडण भिंगरीच्या दारातलं.

भिंगरी म्हणजे शेजारची पोर, यंदाच दहावी झालेली. पायाला भिंगरी म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. भाकरी भाजताना ही दोनदा अंगणात जाऊन येणार. दुसरा कुणी सुईत दोरा ओवत असला तर त्याच्या हातातून सुई हिसकावून स्वतः ओवून देणार. काम झटकन होतं, पण समोरच्याला आपण ठोंबे आहोत असं वाटत राहतं.

बाप्यांचा म्होरक्या होता वकील. वकिली त्याच्या सात पिढ्यांत कुणी केली नाही, पण तोंड चालू झालं की थांबत नाही म्हणून वकील. त्याचं म्हणणं एवढंच, की सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदमच पाटकरी तात्यांचा निरोप वाजला, 'पाणी आलंय, दार उघड.' मग सगळ्यांनीच आपापल्या रानाची दारं उघडली. पाणी चहूकडे वाटलं गेलं, एकाचंही रान धड भिजलं नाही, आणि या ओढाताणीत वळणावर पाट फुटून उरलेलं पाणी ओढ्याला मिळालं.

"तात्या म्हणतात, माझंच बोट चुकलं," वकील म्हणाला. "पण त्या म्हाताऱ्याला हे खूळ शिकवलं कुणी? या पोरीनं. आमचा मका वाळला तर हिचे पुढारी येणारेत का घागरी घेऊन?"

पुढारी म्हणजे काय ते सांगते. उन्हाळ्यात एक संस्था गावात आली. शाळेच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले आणि त्यांच्या ताईंनी सांगितलं, की पोरापोरींना आम्ही पुढारपण शिकवणार. मी म्हटलं, घ्या, गावात पुढारी कमी पडत होते. पण ताई बाई मनाची चांगली. तिची अट अशी, की प्रत्येक पोरानं आपल्या घराबाहेरचा एक मोठा माणूस शिकवायला घ्यायचा. त्याला फोनवरचं एक काम असं शिकवायचं, की त्याचं त्याला आलं पाहिजे. आणि शिकवताना त्याच्या फोनला आपलं बोट लावायचं नाही. तोंडानं सांगायचं, हातानं करायचं नाही. शेवटी एक कार्यक्रम, त्यात ज्यांचं जमलेलं दिसेल, त्यांच्या हाती पुढच्या वर्षी ती कॉम्प्युटरची खोली. तीच पोरं मग लहानांना शिकवणार.

भिंगरीचा जीव त्या खोलीत अडकला होता. बापाचा नव्हता. तो म्हणाला, जमलं तर शिक, नाही जमलं तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागं रानात, मग कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. त्यालाही दोष देता येत नाही. त्याचं रान पाटाच्या पार टोकाला. पाण्याची पाळी आली की तात्या पाटावरून हाळी देत, ती हाळी टोकापर्यंत वेळेवर कधी पोचायची नाही, आणि पोचेपर्यंत वरच्यांनी पाणी वळवलेलं असायचं. असला माणूस वैतागणार नाही तर काय.

आणि तात्या, म्हणजे पाटाचं पाणी रानोरान वाटून देणारा आमचा पाटकरी, त्यांचा घसा गेला होता. आधी खरखर होती, मग आवाजच फुटेना. हे ते लपवत होते. खोरं लोखंडी दारावर आपटून लोकांना बोलवायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, वारं फार आहे. लोकांत कुजबुज सुरू झाली होती, की आता हाळी देणारा दुसरा माणूस बघावा. भिंगरीनं शिकवायला म्हाताऱ्यालाच निवडलं. फोनात पुटपुटलं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, एवढं एकच तिनं त्यांना सांगितलं, आणि तात्या तयार झाले.

तात्यांना अक्षरओळख नाही. तेव्हा पोरीनं डोकं चालवलं. शिकवणं सुरू करण्याआधीच फोनात माणसांच्या नावापुढे चेहरे न लावता त्यांची रानं लावली. वकिलाच्या नावापुढे त्याचं वाकडं जांभळाचं झाड, कुणाची विहीर, कुणाचं पत्र्याचं खोपट. चेहरे तात्या विसरतील, रानं कसली विसरतात? सगळ्यांचा मिळून जो गट होता, त्याला पाटाचं चित्र.

इतकं सगळं नीट केलं, आणि त्या सकाळी माती खाल्ली. तात्या फोन डोळ्यांपासून लांब धरून जांभळाचं झाड शोधत होते. हिला दम निघेना. पाणी वाहतंय, वकील वाट बघतोय. तिनं फोन हिसकावला आणि घाईत पाटाच्या चित्रावर बोट मारलं, आणि एकट्या वकिलाचा निरोप सगळ्यांना गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. वकील बोलतच होता आणि तिचा बाप खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात भिंगरी चौकटीतून पुढं आली.

"तात्यांनी नाही दाबलं. मी दाबलं. ते मला सांभाळून घेतायत," ती म्हणाली.

बाप्यांना वाटलं होतं पोर रडेल. तिनं कबूल केल्यावर त्यांच्या भांडणातली हवाच गेली. वकील आणखी थोडं बोलला, पण ते सवयीनं. बाप मात्र एवढंच म्हणाला, की कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत बघतो.

दुपारी ती पाटावर गेली, तेव्हा बांधाला जनावरांसाठी गवत कापायला मीही गेले होते. तात्या फुटलेल्या बांधाला माती लावत होते. तिनं खोरं घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिलं नाही. बांधावर बोट दाखवून त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तिथं बस. हात मांडीखाली घाल. ते तसेच ठेवून मला शिकवायचं जमलं तर ये, नाहीतर जा."

ती बसली. मला वाटलं, हे काही टिकत नाही. पण पोर रोज जाऊ लागली. तात्या फोन उलटा धरायचे, भलत्याच चित्रावर जायचे, निरोप अर्धवट सोडायचे, आणि ही हाताची मूठ मांडीखाली दाबून "वर बघा, तात्या, त्याच्या शेजारी" म्हणायची. पाय मात्र सारखे हलत. पालथ्या घड्यावर पाणी, असं वकील येताजाता म्हणायचा. मी त्याला म्हटलं, घडा पालथा नाही, ओतणारी घाई करत होती.

कार्यक्रम ठरला. शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या. ताईंचे वरचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर एकेका शिकणाऱ्यानं आपलं काम करून दाखवायचं होतं. सगळा गाव येऊन बसला. पाहुणे काही वेळेवर येईनात. आणि त्याच सकाळी, काही न कळवता, वरून पाटाला पाणी सोडलं.

म्हणजे तात्या येणार नाहीत. पाणी वाहत असताना पाट सोडून ते सोयऱ्याच्या मयतीलाही जात नाहीत, हे अख्ख्या गावाला माहीत. ताई म्हणाल्या, पाहुण्यांसमोर नाही दाखवलं तर मला ते जमलं असं धरता येणार नाही गं. भिंगरी उठली, बसली, पुन्हा उठली. दारापर्यंत गेली. पाटावर पळत जाऊन तात्यांच्या फोनवर स्वतःच बोट मारून निरोप पाठवले असते तर कुणाला कळलं असतं? मलाच वाटलं, जा बाई एकदाची. पण ती दारातून परत आली आणि माझ्या शेजारी बसली. तिचा गुडघा इतका हलत होता की माझी खुर्ची थरथरत होती.

मागच्या रांगेतून तिचा बाप म्हणाला, "झालं ना आता? उद्यापासून रानात."

तेवढ्यात फोन वाजला.

वकिलाचा. बाकीच्यांनी सवयीनं आपापले खिसे चाचपले. कुणाचाच वाजला नव्हता. वकिलानं बोट टेकवलं आणि तात्यांचा खरखरीत आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, "वकिला, बोलणं आवर. पाणी तुझ्या दारात आलंय."

आयुष्यात पहिल्यांदा वकील एक शब्द न बोलता निघून गेला. भिंगरी तोंडावर हात ठेवून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू.

मग थोड्या थोड्या वेळानं एकेकाचा फोन वाजत गेला. विहीरवाला उठला, खोपटवाला उठला. प्रत्येकाचा एकट्याचा निरोप, एकट्याची पाळी. खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. ताई आधी घाबरल्या, मग त्यांनी नुसतंच बघायला सुरुवात केली. शेवटी बाप्यांमधला एकच राहिला, टोकाचा.

त्याचाही वाजला. त्यानं फोन खिशातून काढला, उलटसुलट केला. असला निरोप त्यानं कधी स्वतः लावला नव्हता. तो पुढं येऊन लेकीसमोर उभा राहिला आणि फोन तिच्यापुढं धरला.

"लाव हे," तो म्हणाला.

तिचा हात वर आला. अर्ध्यावर थांबला. मग तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

"तुम्ही लावा, बाबा. तिथं त्रिकोण आहे बघा. डाव्या बाजूला."

बाप तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा फोन आपटतो. त्यानं अंगठा पँटला पुसला. एकदा भलतीकडेच टेकवला, फोटोच उघडला. तिनं हात मांडीखालून काढले नाहीत. दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा तात्या बोलले.

"टोकाच्या, पाणी निघालंय. आज मधे कुणी वळवायचं नाही, मी उभा आहे."

त्यानं तोच निरोप पुन्हा एकदा लावला, आपल्या हातानं. मग टोपी घातली. भिंगरी त्याच्याबरोबर जायला उठली.

"तू कुठं?" तो म्हणाला. "बस. तुझे पाहुणे यायचेत. दारं मी धरतो."

पाहुणे आले तेव्हा खोलीत बायका, पोरं आणि रिकाम्या खुर्च्या. त्यांनी ताईंना विचारलं, माणसं आली नाहीत का? ताई म्हणाल्या, "आली होती. हिच्या तात्यांनी एकेकाला निरोप देऊन नेली," आणि त्यांनी भिंगरीकडे बोट दाखवलं. पोर कधी नव्हे ती एका जागी बसली होती, हात पुन्हा मांडीखालीच होते.