वाटेल ते काढा

हेडसरांनी चित्रांचा गठ्ठा दुसऱ्यांदा चाळला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं,

"बाई, यात हिरवं कुठंय?"

चित्रकलेच्या बाई समोर उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या.

"हिरवं नाहीये, सर."

"झाडं तर आहेत की! पण सगळी राखेत लोळून आल्यासारखी."

"मुलांना तशीच दिसतात. खिडकीतून बघा ना."

हेडसरांनी बघितलं नाही. खिडकी बंदच असायची. तरीही सिमेंटच्या कारखान्याची भुकटी कुठून कुठून आत यायची आणि सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत बोटानं नाव लिहिता येईल इतकी साचायची. वर्गात शिकवताना मुलांचं खोकणं थांबायची वाट बघावी लागे. बाईंनी कारखान्याच्या कचेरीत खेटे घातले होते, दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे हात जोडले होते. सगळीकडे लोकांनी बसायला खुर्ची दिली, मान डोलावली आणि वाटेला लावलं. मग ही स्पर्धा आली. 'मुलांचा आवाज' असं तिचं नाव. बक्षीस समारंभाला वरचे अधिकारी यायचे, चित्रं सभागृहात लागायची. माझ्याकडे कानाडोळा करतील, पण भिंतभर चित्रांकडे कसा करतील, असं बाईंना वाटलं होतं. दुसरं काही उरलंही नव्हतं.

"स्पर्धेच्या कागदावरच छापलंय सर, 'मनाला वाटेल ते काढा.'"

"वाटेल ते म्हणजे वाट्टेल ते नव्हे, बाई!" हेडसर म्हणाले आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. "बक्षिसं कारखाना देतो. या मुलांचे बाप तिथंच राबतात. ही चित्रं तिथं टांगली, तर कुणाच्या पोटावर पाय येईल? माझ्या नाही. तुमच्याही नाही."

त्यांनी गठ्ठा बाईंकडे सरकवला.

"उद्या पाठवायचीत. आजच परत काढून घ्या."

वर्गात जाऊन बाईंनी कोरे कागद वाटले. 'दिसतं तेच काढा' असं ज्या तोंडानं इतके दिवस घसा फोडून सांगितलं, त्याच तोंडानं त्या म्हणाल्या, "आज झाडं हिरवी काढूया." आणि फळ्याकडे वळल्या. फळा कोरा होता, तरी पुसत राहिल्या.

"बाई, मग आधीची चुकली का?"

आवाज मुंगीचा होता. लहान चणीची आणि सतत काहीतरी उचलत, ओढत असायची, म्हणून सगळा वर्ग तिला मुंगी म्हणायचा.

"चुकली नाहीत."

"मग?"

"काढ गं मुंगे. प्रश्न नकोत."

मुंगीनं आधीच्या चित्रात धाकट्या भावाला काढलं होतं, तोंडावर ओला रुमाल टाकून झोपलेला. आता तिनं पेटीतला हिरवा खडू घेतला. त्याचं टोकसुद्धा मोडलेलं नव्हतं. बाकीची पोरं कागद पुढे घेऊन फुरंगटून बसली असताना ती जीभ दातात धरून एकटी रेटून रंगवत होती. झाडामागं झाड, निळंशार आभाळ, घासल्यासारखी लख्ख घरं. बोटं हिरवीगार झाली.

"चांगलंय, बाई?"

"छान आहे."

"पहिलं येण्यासारखं?"

बाईंच्या मनात आलं, किती लवकर शिकली ही. आणि शिकवलं कुणी?

"येईल," त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर फाटकाशी मुंगीची आई थांबली होती. कडेवर धाकटा. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"बाई, पोरीनं काही भलतंसलतं नाही ना काढलं? तिचे वडील पोती भरतात तिथं. मुकादमाच्या कानावर गेलं तर..."

"नाही. झाडं काढलीत. हिरवी."

"बरं झालं," आई म्हणाली. पण बरं झाल्यासारखी दिसली नाही. पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती चालू लागली.

मुंगीचं चित्र पहिलं आलं.

सभागृहाच्या भिंती हिरव्यागार दिसत होत्या. सगळ्या शाळांनी झाडंच पाठवली होती. पहिल्या रांगेत अधिकारी आणि कारखान्याचे साहेब, मागे पालक. बाई हेडसरांच्या शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. मुंगीचं नाव पुकारलं तेव्हा ती व्यासपीठाकडे निघाली, बाईंच्या खुर्चीपाशी थांबली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"बाई, पहिल्या आलेल्याला माइकवर बोलायला देतात ना? मागच्या वर्षीच्या मुलाला दिलं होतं."

बाईंनी झटकन मान वर केली, तोवर ती पायऱ्या चढत होती.

साहेबांनी तिच्या हातात नवं दप्तर दिलं. सूत्रसंचालक हसून म्हणाला, "बोल बाळ, तुझ्या चित्राबद्दल दोन शब्द."

मुंगी माइकसमोर उभी राहिली. माइक तिच्या डोक्याच्याही वर होता. ती बोलायला लागली.

बाईंना तिचे ओठ दिसत होते. मधूनच एखादा तुकडा ऐकू येत होता. "...असं नाहीये... बाई म्हणाल्या म्हणून... माझा भाऊ रात्री..." पहिल्या रांगेतले लोक कौतुकानं हसत होते. ती दम घ्यायला थांबताच टाळ्या सुरू झाल्या. साहेबही वाजवत होते.

"किती गोड!" सूत्रसंचालक म्हणाला. "चला, आता दुसरा क्रमांक..."

मुंगी हलली नाही.

"बाई," हेडसर दबक्या आवाजात म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खाली आणा तिला. आत्ताच्या आत्ता."

बाई उठल्या. पायऱ्यांपाशी त्यांनी वळून मागे बघितलं. मुंगीची आई उभी राहिली होती, धाकट्याला छातीशी आवळून. ती मान हलवत नव्हती, हाकही मारत नव्हती. फक्त बाईंकडे बघत होती. त्या नजरेत नको होतं की हो, हे बाईंना कळलं नाही. कळायला वेळही नव्हता.

त्या वर गेल्या. सूत्रसंचालकानं हायसं वाटून बाजूला होत वाट दिली. बाईंनी माइकच्या दांड्याचा स्क्रू सैल केला, दांडा खाली सरकवला, मुंगीच्या तोंडापर्यंत. स्क्रू दोनदा निसटला. कर्कश खरखर झाली आणि सभागृह गप्प झालं.

मुंगीनं वर बघितलं.

"पहिल्यापासून सांगू?"

हे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारीच उभ्या राहिल्या.