फ्रीजमधली किल्ली

आईचा आवाज खर्जातला. तिनं फोन उचलला की पलीकडचा माणूस हमखास "साहेब" म्हणायचा आणि आई त्याची यथेच्छ फिरकी घ्यायची. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. गाठीबरोबर आवाजही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच मी आणि दादा तो आवाज रेकॉर्ड करायला आमचं शूटिंगचं सामान घेऊन तिच्याकडे थडकलो. दादा कॅमेरा चालवतो, मी आवाज सांभाळते.

घरघर नको म्हणून मी आधी हॉलमधला फ्रीज बंद केला आणि स्कूटरची किल्ली आत, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली.

"का गं, किल्लीला उकडतंय?" आईनं विचारलं.

"शूटिंग संपलं की फ्रीज चालू करायचा राहून जातो. एका घरचं सगळं आइस्क्रीम वितळवलंय आम्ही. किल्ली आत असली की फ्रीज उघडल्याशिवाय निघताच येत नाही."

"लबाड आहात," आई म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

नातवंडांसाठी काय बोलायचं ते दादानं तिला कागदावर लिहून दिलं होतं. ती वाचू लागली, मी हेडफोन चढवले आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या आवाजाखाली सारखं घूंऽऽ चाललेलं.

"थांब आई!"

दादा वैतागला. "डॉक्टरांनी तिला कमी बोलायला सांगितलंय. घूं काय, नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकू."

"काढशील रे. पण तिचा आवाज त्या घूंइतकाच खाली आहे. ते खरवडताना आईही खरवडली जाईल. उरेल ती भलत्याच कुणाची तरी आई."

मी केबल बदलली, माइक बदलला. घूं जाईना. आई घोट घोट पाणी पीत आमच्याकडे बघत होती. तिचा आवाज बसत चालला होता आणि मला भयंकर भीती वाटत होती. शेवटी मी कॅमेऱ्याच्या वायरीमागे चालत गेले. ती थेट स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये! माझा आवाजाचा मिक्सर हॉलमधल्या बोर्डावर.

"दादा, दोन खोल्यांतली दोन अर्थिंग आणि त्यांना जोडणारी आपली ऑडिओ केबल. घूं येणार नाही तर काय होईल? दोघांची वीज एकाच बोर्डावरून घ्यायची, किती वेळा सांगायचं?"

"तुझा बोर्ड पडला त्या कोपऱ्यात. कॅमेरा तिथे लावला तर आईच्या मागे फ्रीज दिसतो!"

"दिसू दे की!"

"अरे, एका बोर्डावर तरी नीट नांदा रे!" आई म्हणाली.

दादानं कॅमेरा त्या कोपऱ्यात सरकवला आणि वायर माझ्या बोर्डात खोचली. घूं गेलं. नुसता आईचा श्वास ऐकू येऊ लागला आणि मला रडूच फुटलं.

आईनं पुन्हा वाचायला घेतलं, पण दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. तिनं कागदाची घडी घातली.

"हे माझं बोलणंच नाही. मी कधी अशी बोलते का?" तिनं पाण्याचा एक घोट घेतला. मग सावकाश, आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "दिवा घालवा रे खोलीतला. केस बांध गं. पोचल्यावर फोन करा. आणि जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

पुढे नुसता खोकला.

"एवढंच?" दादानं मला खुणेनं विचारलं. मी मान डोलावली. मला पुरे होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता आई पाटीवर लिहून भांडते.

परवा दुपारी तिची औषधं द्यायला उभ्या उभ्या गेले. शूटिंगची घाई होती. निघताना बघते तर टेबलावरची किल्ली गायब. पर्स उपडी केली, सोफ्याखाली वाकून पाहिलं.

"आई, किल्ली पाहिलीस का?"

तिनं साळसूदपणे खांदे उडवले. चष्मा लावला, मोबाइल घेतला आणि एका बोटानं काहीतरी दाबलं.

"जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

तोच खर्जातला आवाज. त्याच्याखाली दुसरं काही म्हणजे काही नव्हतं.

मी फ्रीज उघडला. दुधाच्या पातेल्याशेजारी किल्ली होती, गारेगार. मी ती तिथेच राहू दिली आणि उशीर होईल असं कळवायला दादाला फोन लावला. आई दोन ताटं घेत होती.