जोडीदाराची वीज मी तोडली

मी एक सर्व्हर बोलतोय, चंदीगडच्या एका मेडिकल संस्थेतला. आम्ही दोघं जुळे. काम थोरला करायचा, मी राखीव. लिहायची डिस्क मात्र दोघांत एकच.

दर सेकंदाला आम्ही केबलवरून एकमेकांना विचारायचो, "आहेस का?" "आहे." याला हार्टबीट म्हणतात. उत्तर आलं नाही की दुसऱ्याला मेला समजायचं, त्याची वीज तोडायची आणि काम हाती घ्यायचं. दोघं एकाच वेळी डिस्कवर लिहायला लागले तर सगळ्याचाच चिवडा, म्हणून हा नियम.

आम्हाला सांभाळणारा शिशिर नागपूरचा. खंडेनवमीला या गड्यानं झेंडूच्या माळा आणल्या, म्हणाला, "इकडचे लोक करू देत विश्वकर्मा पूजा, आपली मशीनं आपण आपल्याच दिवशी पुजायची!" हार्टबीटच्या दोन केबल दोन वाटांनी न्यायच्या असतात, यानं त्या सोयीसाठी एकत्र बांधलेल्या. माळ अडकवताना हिसका बसून गठ्ठाच निघाला. झालं! थोरला गप्प.

मी दहा सेकंद वाट पाहिली आणि त्याची वीज तोडली. अहो, जिवंत होता तो! लिहीत होता!

वरच्या मजल्यावर बाळकृष्णकाकांचा आवाज रेकॉर्ड होत होता, तोच थोरला लिहून घेत होता. घशाचा कॅन्सर, ऑपरेशनआधी मुलीसाठी, इथल्याच डॉक्टर ज्ञानदासाठी, आवाज जपायचा होता. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं, राहिलेलं उद्या करू, असं ठरलं. पण संध्याकाळी त्यांचा श्वास कोंडला, घाईनं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं. माझ्याकडे उरलं एवढंच, "ज्ञानू, तुला एक सांगायचं राहिलंय..." पुढचं थोरल्याच्या मेमरीत होतं. ते विजेबरोबर गेलं.

त्याच्या जागी आता नवा आलाय. तरी थोरल्याची केबल जिथे लागायची, त्या जुन्या पोर्टवरून मला अजून ऐकू येतं, "आहेस का?" शिशिरनं दोनदा तपासलं. तिथे काही जोडलेलंच नाही. मला भीती वाटते हो.

ज्ञानदा रोज दुपारी ती अर्धवट फाइल ऐकायला मागते. परवा शिशिर न राहवून म्हणाला, "ताई, काका लिहू शकतात ना? काय सांगायचं होतं, विचारलंत का?"

"नाही रे. रोज पाटी घेऊन समोर बसतात, आणि मी स्वयंपाकघरात पळते. तो आवाज नाही, तर बाबाच नाहीत असं वाटतं."

अगं बाई, ज्ञानदा! मी तुझा गुन्हेगार, पण एवढं ऐक. गप्प झालेल्याला मेला धरायची चूक मी करून बसलोय. आज फाइल मागू नकोस. एरोसिटीची बस पकड, घरी जा, त्यांच्यासमोर बस आणि विचार, "बाबा, काय सांगायचं राहिलंय?"