भात्याचा हात

माझा डावा हात पहिल्यापासून येडा. महिला मंडळात इतकी वर्षं पेटी वाजवली, कुणी शिकवली नाय, बघून बघून आली. पण वाजवली ती उजव्या हातानं. डाव्यानं नुसता भाता हलवायचा. म्हणून तनुजानं, माझ्या लेकीनं, लग्न होऊन जाताना तिचा कॅसिओ माझ्या गळ्यात मारला, तेव्हा पहिल्याच दिवशी तमाशा झाला. उजवा हात सुरांवर, अन् डावा आपला हवेतच भाता मारतोय! आमचे हे, काकासाहेब, दारात उभं राहून हसले.

"अगं सारजा, तो लाइटवर चालतो, वाऱ्यावर नाय."

"हसा," मी म्हणलं. "तेवढंच तुमचं तोंड उघडतं."

लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते.

ह्यांचा गळा म्हणजे काय सांगू! सिल्लोडकडं गावात होतो तेव्हा हे विहिरीवर मोट हाकायचे अन् मोटंवरचं गाणं म्हणायचे. बैल उतारावर ओढत निघाले की एक ओळ. वर मोट रिकामी होईस्तोवर गप्प. बैल मागं सरकत आले की पुढची ओळ. मी नवी नवरी, वावरात खुरपायला बसलेली. ऐकताना खुरपं तसंच हातात राहायचं, अन् सासूबाईंच्या शिव्या खायचे. पुढं विहिरीवर लाइटच्या मोटारी आल्या, मोट गेली, पण गाणं राहिलं. तनुजा तेच ऐकून झोपायची. मग शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात त्या भागात घर बांधलं, तिथंही राहिलं.

मग एका गणपतीत कॉलनीत गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या बन्सीनं ह्यांना माइकसमोर बसवलं अन् मागं तबला दिला. तबला काय थांबतोय होय? हे ओळ संपली की थांबायचे, तबला पुढं धावायचा. बन्सी सगळ्यांदेखत माइकात बोलला, "काका, तालात या, बैल गेले आता!" लोक खदाखदा हसले. त्या दिवसापासून ह्यांनी गाणं टाकलं ते टाकलंच. घर कसं मुकं झालं. मला लई वाईट वाटायचं, पण ह्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

तनुजाच्या लग्नाला वर्ष झालं, त्या साली पावसानं परत दगा दिला होता. चारी बाजूंनी बिल्डिंगा वर चढत होत्या अन् बोअरचं पाणी खाली खाली जात होतं. टँकरच्या हॉर्नवर सगळी गल्ली उठायची, बसायची. अशात तनुजा बाळंतपणाला आली, पोरगी झाली. बारसं ठरलं तशी म्हणली, "माय, आबांनी मोटंचं गाणं म्हणलं पाहिजे. माझ्या लेकीच्या कानावर ते पडू दे."

"नाय म्हणजे नाय," हे बोलले अन् चपला घालून बाहेर गेले. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी म्हणलं, रडू नको, बघते मी कसे गात नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे पेपर वाचत बसले होते. मी कॅसिओवर त्याच गाण्याची चाल काढली. ह्यांचे ओठ हलले, बारीक आवाजात एक ओळ आली. पण मी पुढच्या ओळीला पोचले तरी हे मागंच, बैलांची वाट बघत.

"तू पण बन्सीच," म्हणले अन् पेपर तोंडापुढं धरला.

माझं डोकंच फिरलं. "मग काय हॉलमधी बैल आणून बांधू?"

मोबाइलवर एक पोरगं डाव्या हातानं कॉर्ड वाजवायचं दाखवायचं. एक पट्टी धरायची, एक सोडायची, असे तीन सूर एकदम दाबायचे. सा, ग, प. म्हणलं, चालीखाली हे घातलं तर ह्यांना आधार होईल. पण डावा हात कुठं ऐकतो! दाबला की सोडला, दाबला की सोडला. भाताच तो! सूर धापा टाकत निघायचे. तनुजा म्हणली, "माय, ह्याला दमा झालाय का?"

अक्कल आली ती टँकरवर. भरलेली बादली मी डाव्या हातात घेऊन जिना चढत होते. हात हलला की पाणी सांडतं, अन् सांडलेल्या पाण्यावरून त्या साली बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तिथं हा हात कसा शहाण्यासारखा गप्प! घरात येऊन तोच पट्ट्यांवर ठेवला. म्हणलं, बाबा, बादली भरलेली हाय. अन् राहिला की! दोनच कॉर्ड जमले, सा-ग-प अन् म-ध-सा, पण मी एकटीच हसत बसले.

बारशाला बायांनी पाळणा म्हणला, आत्यानं कानात 'ओवी' नाव सांगितलं. मी कॅसिओपुढं बसले. उजव्यानं चाल, डाव्यानं कॉर्ड, सगळं घोटून ठेवलेलं. तेवढ्यात ओवीनं भोकाड पसरलं.

"माय, तुझ्यापाशीच गप होते ही," म्हणत तनुजानं तिला माझ्या उजव्या हातावर ठेवलं.

झालं! चालीचा हातच गेला. आता सगळ्यांपुढं करू काय? डावा होता, तो सा-ग-पवर ठेवला अन् दाबून धरला. चाल नाय, ताल नाय, नुसते तीन सूर भरून राहिले. पोरगी गप झाली. हे दारापाशी बसले होते. माझ्या हाताकडं बघत राहिले.

अन् पहिली ओळ आली. आवाज जरा चिरकला, पण ह्यांचाच. ओळ संपली, हे थांबले. मी हात हलवला नाय. बैल मागं येऊ दिले. दुसऱ्या ओळीला हात म-ध-सावर सरकवला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, अन् पुसायला एक हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या ओळीला गल्लीत टँकरचा हॉर्न! बाया उठून पळाल्या. शेजारची मालनबाई दारातून ओरडली, "सारजाबाई, बादल्या!" मी तव्यावरची भाकर टाकून टँकरला पळणारी बाई. पण हात उचलला नाय. हेही थांबले नायत. गाणं शेवटपर्यंत झालं.

"टँकर गेला," मी म्हणलं.

"जाऊ दे." हे उठून माझ्याशेजारी येऊन बसले. ओवीच्या टाळूवर हात ठेवला. "हात दुखला का तुझा?"

"नाय."

"मग पुन्हा एकदा म्हणू का?"